दंतोलूखल हरवल्यावर : सर्व दात गेलेल्या रुग्णातील दंतरोपण

सर्व दात गेलेला रुग्ण दातांसाठी आपल्याकडे क्वचितच येतो. तो येतो तो पोट साफ होत नाही, भूक लागत नाही, वजन उतरते आहे, अशा तक्रारी घेऊन. नाडी व जिव्हा पाहून आपण अग्निमांद्याचे निदान करतो, दीपन-पाचन योजतो, आणि कवळी तोंडात असते की कपाटात, हे विचारायचे राहून जाते. कोकणात तर हे अधिकच सहज घडते. सकाळी पेज, दुपारी मऊ भात आणि माशाचे कालवण, रात्री आटवल किंवा कुळथाची पिठी, असा आहार दातांवाचूनही निभावतो. भाकरी, कोशिंबीर, उसळ, पेरूसारखे फळ या गोष्टी ताटातून एकेक करून गळत गेल्या आहेत, हे घरातल्यांच्याही ध्यानात येत नाही.

मग गणपतीत किंवा मे महिन्यात मुंबईचा मुलगा घरी येतो, जाहिरातीचा कागद पुढे करतो आणि विचारतो, "वैद्यकाका, आईला तीन दिवसांत पक्के दात बसवून देतात म्हणे. करावे का?" खर्च काही लाखांत असतो, आई सत्तरीला टेकलेली असते, आणि घरातला निर्णय पुष्कळदा आपल्या एका शब्दावर अडलेला असतो. हा शब्द देताना वैद्याला काय माहीत असले पाहिजे, आणि त्या आईची औषधे वर्षानुवर्षे ज्याच्या दुकानातून जातात त्या औषधविक्रेत्याला काय माहीत असले पाहिजे, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेख आहे. इम्प्लांट बसविणे हे आपले काम नव्हे. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तरांना ज्या शस्त्रकर्मांची अनुज्ञा दिली, त्यांत दात काढणे व रूट कॅनाल ही कर्मे आहेत; दंतरोपण नाही. परंतु रुग्ण रोपणास योग्य आहे की नाही याची निम्मी माहिती दंतवैद्याच्या खुर्चीवर नव्हे, तर आपल्या केसपेपरात असते.

दात जातो तेव्हा काय जाते

चरकसंहितेच्या शारीरस्थानात अस्थींची संख्या तीनशे साठ सांगितली आहे, आणि त्या गणनेत बत्तीस दंतांबरोबर बत्तीस दंतोलूखले वेगळी मोजली आहेत. उलूखल म्हणजे उखळ. दात ज्या खोबणीत बसतो ती अस्थिमय खोबण. सुश्रुताने तीनशेच अस्थी मानल्या व दातांना रुचक अस्थी म्हटले. विद्यार्थिदशेत आपण या दोन संख्यांतील फरक परीक्षेपुरता पाठ केला आणि सोडून दिला. आज सर्व दात गेलेल्या रुग्णाचा एक्स-रे समोर धरला, की चरकाने खोबण वेगळी का मोजली असावी असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. कारण दात एका दिवसात जातो, पण खोबण त्यानंतर अनेक वर्षे जात राहते.

खोबणीचे हाड दातासाठीच असते. चावताना दातावर पडणारा भार त्याच्या मुळाभोवतालच्या तंतूंमधून हाडापर्यंत पोहोचतो, आणि त्या ताणावरच ते हाड टिकून राहते. दात काढल्यावर हा ताण थांबतो व हाड विरघळू लागते. पहिल्या वर्षातच त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते. पुढे वेग मंदावतो, परंतु क्रिया थांबत नाही. कवळी वापरणाऱ्या रुग्णांना पंचवीस वर्षे पाहून १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या टालग्रेन यांच्या अभ्यासात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली. हा आकडा प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावा असा आहे, कारण रुग्णाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्यात आहे. वरची कवळी टाळूच्या रुंद पृष्ठावर लाळेच्या पातळ थराने चिकटून राहते. खालच्या कवळीला ना टाळू, ना रुंदी. मध्ये जीभ सतत हलत असते आणि आधाराचे हाड तर झिजून सपाट झालेले. ती तरंगते, टोचते, बोलताना उचलली जाते. म्हणून कवळी कपाटात जाते ती बहुधा खालची.

कवळी या झिजेवर उपाय नाही. ती हाडावर वरून दाबते, हाडाला आतून ओढत नाही. दर काही वर्षांनी कवळी सैल होते तेव्हा रुग्ण कवळी करणाऱ्याला दोष देतो. वस्तुतः कवळी तीच असते, जबडा बदललेला असतो. अस्थिक्षयाच्या लक्षणांत आपल्या ग्रंथांनी दंतपतनाचा उल्लेख केला आहे. येथे क्रम उलटा आहे. दंतपतनामागून स्थानिक अस्थिक्षय येतो, आणि तो केवळ पोटात औषध देऊन थांबत नाही.

धातू हाडाशी जुळतो तो कसा

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा लहान स्क्रू. जाडी साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर, लांबी बहुधा आठ ते पंधरा मिलिमीटर. तो हाडात बसतो, त्याच्यावर हिरडीतून वर येणारा जोडभाग बसतो आणि त्यावर दात किंवा कवळी. आपल्या परिभाषेत हे शल्यच, आणि शल्याला शरीर एकतर बाहेर टाकते किंवा भोवती कोष करून वेगळे ठेवते. सुश्रुताने प्रनष्टशल्यविज्ञानात कोणती शल्ये शरीरात कालांतराने विलीन होतात व कोणती होत नाहीत याचाही विचार केला आहे. टायटॅनियम यांपैकी काहीच करीत नाही. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर तयार होतो, आणि अस्थिपेशी त्या थरापर्यंत थेट हाड बांधतात, मध्ये मऊ तंतूंचा पडदा न ठेवता.

हे प्रथम लक्षात आले ते दातांच्या संदर्भात नव्हेच. १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे उपकरण बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर ते उपकरण हाडातून निघेना. १९६५ मध्ये त्यांनी योस्ता लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे रोपण केले. लार्सन २००६ मध्ये वारले तेव्हा सुमारे चाळीस वर्षांनंतरही ती रोपणे कामात होती. दंतवैद्यकाने ही गोष्ट व्यापकपणे स्वीकारली ती मात्र १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर.

हा जोड होण्यासाठी दोन अटी आहेत, आणि दोन्ही आपल्याला समजण्यासारख्या आहेत. पहिली उष्णतेची. छिद्र पाडताना हाड सुमारे ४७ अंश सेल्सिअसपर्यंत मिनिटभर तापले तरी त्या कडेच्या पेशी मरतात. म्हणून छिद्र सावकाश, सलाइनच्या धारेखाली पाडतात. दुसरी स्थैर्याची. भरत असलेल्या हाडात स्क्रू मिलिमीटरच्या दहाव्या-पंधराव्या भागाहून अधिक हलत राहिला, तर तेथे हाडाऐवजी तंतुमय ऊतक बनते आणि रोपण सुटते. भग्नचिकित्सेत कुशाबंधन सैल राहिले तर काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको. म्हणूनच परंपरागत पद्धतीत खालच्या जबड्यात सुमारे तीन व वरच्यात सुमारे सहा महिने रोपणावर भार देत नसत. वरचे हाड सच्छिद्र, म्हणून काल अधिक.

मग "तीन दिवसांत दात" कसे? चार किंवा अधिक रोपणे पुरेशा घट्टपणे बसली, तर ती एका ताठ पट्टीने परस्परांना जोडून त्यावर तात्पुरते दात लगेच देता येतात. पट्टीमुळे सुटा स्क्रू हलत नाही. पोर्तुगालचे पाउलो मालो यांनी मागची दोन रोपणे तिरपी घालून चारांवर पूर्ण दंतपंक्ती उभी करण्याची रीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केली. तिरपी घातल्याने खाली हनूतील नाडी व वर गालाच्या हाडातील पोकळी टाळता येते, आणि पुष्कळदा हाड भरण्याचे वेगळे शस्त्रकर्म वाचते. पद्धत खरी आहे, योग्य रुग्णात चांगली आहे. जाहिरातीत एवढेच लिहिलेले नसते, की ते दात तात्पुरते असून पहिले दोन-तीन महिने त्यांनी मऊच खायचे असते. दात आले म्हणून तिसऱ्या आठवड्यात काजूगर किंवा तळलेला सुका बोंबील फोडणारा रुग्ण रोपण गमावतो, आणि त्याला ते लगेच कळतही नाही.

दोन, चार की सहा

घरातली मंडळी "सगळे पक्के दात" मागतात. पक्के म्हणजे न निघणारे. त्यासाठी खाली साधारण चार, वर चार ते सहा रोपणे लागतात, आणि खर्चाचा आकडा तेथूनच चढतो. पण २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात भरलेल्या तज्ज्ञांच्या सभेने असे मत मांडले, की सर्व दात गेलेल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यासाठी नुसती कवळी ही आता पहिली निवड मानू नये. पुढच्या भागात दोन रोपणे व त्यांवर बसणारी कवळी ही पहिली निवड असावी. २००९ मध्ये इंग्लंडातील यॉर्क येथूनही याच आशयाचे निवेदन निघाले.

ही दोन रोपणांची कवळी आपल्या रुग्णांसाठी मला सर्वांत विचारात घेण्याजोगी वाटते. रोपणांच्या माथ्यावर गोळी असते व कवळीच्या पोटात तिची जोडी. चोळीच्या टिचबटणासारखी कवळी खटकन बसते. ती तरंगत नाही. रात्री काढता येते, धुता येते. पुढच्या भागात हाड बहुधा शिल्लक असते आणि हनूची नाडी मागे राहते, म्हणून शस्त्रकर्मही लहान. हाताला कंप असलेल्या, दृष्टी मंद झालेल्या वृद्धेला पक्क्या पंक्तीखालची फट साफ करणे जमत नाही. काढता येणारी कवळी सून किंवा नातही स्वच्छ करून देऊ शकते. वरची कवळी साधीच ठेवली तरी पुष्कळांचे भागते. बटणातील नायलॉनची वा रबराची कडी झिजते व ठरावीक काळाने बदलावी लागते, एवढी किरकोळ झंझट राहते. ज्यांचे वय कमी, हाड पुरेसे, हात चालता आणि खिसा समर्थ, त्यांनी पक्क्या दंतपंक्तीचा विचार जरूर करावा. परंतु सत्तरीच्या आईसाठी कर्ज काढू पाहणाऱ्या मुलाला हा मधला मार्ग कोणीतरी सांगितला पाहिजे. जाहिरातीत तो नसतो.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्ट लिहितो. काही दात शिल्लक व घट्ट असताना, सगळेच एकदा काढून सगळेच नवे बसवू, असा सल्ला घेऊन रुग्ण आला तर त्याला दुसऱ्या दंतवैद्याचे मत घेण्यास अवश्य सांगावे. भग्नचिकित्सेत सुश्रुतानेही तरुणाचे हललेले पण न मोडलेले दात दाबून पुन्हा बसविण्यास सांगितले आहे आणि जीर्ण मनुष्याचे चळलेले दात मात्र वर्ज्य मानले आहेत. कोणता दात राखावा आणि कोणता सोडावा हा विवेक तेव्हाही होता.

पाठवण्यापूर्वी

दंतवैद्य सीबीसीटी स्कॅनवर हाडाची उंची, रुंदी व नाडीचे स्थान पाहतो. हाड कसे आहे हे त्याला दिसते. रुग्ण कसा आहे हे आपल्याला माहीत असते. हे दुसरे त्याच्यापर्यंत लेखी पोहोचावे.

आपल्या भागात सर्वांत आधी विचारण्याची गोष्ट म्हणजे मशेरी. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला आपल्याकडील स्त्रिया प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात. मशेरी ही त्यांच्या लेखी तंबाखू नव्हे, दात घासायची वस्तू आहे. दात गेल्यावरही सवयीने ती हिरड्यांना लावणे चालूच राहते, दिवसातून तीन-तीन वेळा. म्हणून "मशेरी लावता का, किती वेळा, किती वर्षे" असे नाव घेऊनच विचारावे. धूम्रपान करणाऱ्यांत रोपण अपयशी होण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळते. भाजलेला तंबाखू थेट हिरडीवर घासणाऱ्या तोंडात मी रोपणाची शिफारस करणार नाही. तंबाखूयुक्त दंतमंजनांवर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, तरी घरच्या तव्यावर भाजलेली मशेरी कोणत्या कायद्यात येते?

मशेरी व सुपारी यांच्यामुळे आणखी दोन परीक्षा आपणच करून टाकाव्यात. रुग्णाला स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात घालण्यास सांगावे. ती मावत नसतील तर श्लेष्मल त्वचा तंतुमय होऊन तोंड आखडले असण्याची शंका घ्यावी. अशा तोंडात रोपणाची साधने जातच नाहीत, आणि ती अवस्था कर्करोगाची पूर्वपीठिका असू शकते. दुसरी परीक्षा म्हणजे कवळी काढून, बॅटरीच्या उजेडात हिरड्या, गालाची आतली बाजू व जिभेच्या कडा पाहणे. पांढरा न पुसला जाणारा चट्टा, मखमली लाल डाग, किंवा कवळी दोन आठवडे न लावताही न भरलेला व्रण असेल, तर रोपणाचा विषय बाजूला ठेवून त्याच आठवड्यात बायॉप्सीसाठी पाठवावे. कवळी टोचते म्हणून झालेला व्रण समजून त्यावर महिनोन्महिने प्रतिसारण करीत राहणे, ही आपल्या हातून घडू शकणारी मोठी चूक आहे.

मधुमेह असता रोपण होत नाही असे नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी एचबीए१सी तपासणी आठच्या वर असल्यास ती खाली येईपर्यंत थांबावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. मान वा जबड्यावर रेडिएशन घेतले असल्यास ते ठळक लिहावे.

आता औषधे. येथे मी स्वतःची चूक सांगतो. साठीच्या पुढच्या एका बाईंना मी दंतवैद्याकडे पाठविले. तंबाखू नाही, साखर नाही, प्रकृती उत्तम. चिठ्ठीवर मी लिहिले, "अन्य कोणतेही औषध चालू नाही." त्या चिठ्ठीसह त्या माझे काढ्याचे औषध आणण्यास नेहमीच्या दुकानात गेल्या, आणि दुकानदाराने चिठ्ठी वाचून मला फोन केला. बाई सहा वर्षे दर रविवारी उपाशीपोटी एक गोळी घेत होत्या : अलेंड्रोनेट, सत्तर मिलिग्रॅम. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ती हाडाची गोळी. आठवड्यातून एकदाच तर घेते, तिला औषध काय म्हणायचे?"

हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी ही औषधे हाड विरघळविणाऱ्या पेशींना रोखतात. परंतु जुने हाड काढल्याशिवाय नवे बांधले जात नाही. जबड्याला जखम झाली असता क्वचित ती भरत नाही आणि मृत अस्थी उघडी पडते. २००३ पासून या उपद्रवाची नोंद वैद्यकीय वाङ्मयात होऊ लागली. आठवड्याच्या अलेंड्रोनेटवर, महिन्याच्या आयबॅन्ड्रोनेटवर, वर्षातून एकदा शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिडवर आणि सहा महिन्यांनी त्वचेखाली दिल्या जाणाऱ्या डेनोसुमॅबवर, अशा सर्वांवर ही शक्यता असते. अस्थिक्षयासाठीच्या मात्रेत ती अल्प आहे. कर्करोग हाडात पसरला म्हणून मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत ती इतकी अधिक आहे, की तेथे रोपण टाळावेच. इंजेक्शन वर्षातून एकदा असल्याने रुग्ण ते सांगतच नाही. त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावे, की ही औषधे आपण परस्पर बंद करू नयेत. डेनोसुमॅबची मात्रा चुकली तर कशेरुकांचे अस्थिभंग होण्याचा धोका वाढतो. त्या बाईंच्या बाबतीत अस्थिरोगतज्ज्ञ व दंतवैद्य परस्परांशी बोलले, पक्क्या दंतपंक्तीचा बेत बदलून खाली दोनच रोपणे ठरली, आणि ती व्यवस्थित भरली. त्या दुकानदाराचे उपकार मी विसरलेलो नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन कोणासाठी चालू आहे हे लिहून द्यावे, पण "दात करायचा आहे, चार दिवस बंद ठेवा" असे दुकानातून किंवा दवाखान्यातून कोणीही सांगू नये. हृदयात स्टेंट असलेल्या रुग्णाला तो चार दिवसांचा खंड जिवावर बेतू शकतो. उलट आपली औषधे मात्र आपण पाहावीत. गुग्गुळाचे कल्प, लसणाची कॅप्सूल, हळदीचा तीव्र अर्क यांचा रक्तस्रावाच्या प्रवृत्तीवर परिणाम होऊ शकतो. वरील गोळ्यांबरोबर ती चालू असतील तर शस्त्रकर्माआधी आठवडाभर थांबविण्यात काही नुकसान नाही. "आयुर्वेदिकच आहे" म्हणून रुग्ण ती सांगत नाही, आणि दंतवैद्य ती विचारत नाही.

रोपणानंतर आपल्याकडे

शस्त्रकर्मानंतरच्या पहिल्या दिवसांत रुग्ण सल्ल्याला आपल्याकडेच येणार, कारण दंतवैद्य पुष्कळदा दूर असतो. जिल्ह्यात खेडला दंत महाविद्यालय आहे, रत्नागिरी-चिपळुणात खासगी दवाखाने आहेत, तरीही मुलगा मुंबईत असेल तर रोपण मुंबईतच होते, आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटर परत येऊन रुग्ण आपल्या दारी उभा राहतो.

पहिले चोवीस तास गंडूष, कवल, गुळण्या काहीही नको. रक्ताची गुठळी हीच त्या व्रणाची पहिली मलमपट्टी आहे. नळीने ओढून पिणेही नको. सुश्रुताने दात बसविलेल्या तरुणास कमलनालाने दूध पिण्यास सांगितले आहे, पण तेथे उघडे शस्त्रव्रण व टाके नाहीत. थंड वा कोमट पेज, ताक, आटवल द्यावी. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलकेच खळखळावे. टाके निघून हिरडी मिटेपर्यंत कोणतेही चूर्ण तेथे घासू नये. क्लोरहेक्सिडिनचा द्रव दंतवैद्याने सांगितला असल्यास सांगितले तेवढेच दिवस. तो महिनोन्महिने परस्पर विकत नेणारे रुग्ण पुढे दातांवरचे तपकिरी डाग व बिघडलेली चव घेऊन येतात, आणि अरुचीसाठी आपण औषध देत बसतो. औषधविक्रेत्यांनी हे काउंटरवरच सांगावे.

अस्थिसंधानासाठी कांडवेल किंवा लाक्षा गुग्गुळ द्यावा का, असे तरुण वैद्य विचारतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू नसेल तर कांडवेल देण्यास माझी हरकत नाही. परंतु त्यामुळे रोपण लवकर जुळते, असे रुग्णास सांगण्याइतका आधार मला दिसत नाही, आणि वाट पाहण्याचा काळ त्यामुळे कमी करता येत नाही.

रोपण जुळल्यावर ते किडत नाही. पण त्याभोवतीची हिरडी सुजते, आणि दुर्लक्ष केल्यास खालचे हाड झिजते. नैसर्गिक दाताभोवती जे तंतू असतात ते येथे नसल्याने वेदना उशिरा होते. हलू लागेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. रोपण झालेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकात हाडापर्यंत गेलेली ही व्याधी पुढेमागे आढळते, असे अंदाज आहेत. ज्यांचे मूळचे दात उपकुश-परिदरासारख्या हिरड्यांच्या व्याधींनी गेले, त्यांत ती अधिक. प्रारंभी केवळ ब्रश लागताच रक्त येते. त्याच अवस्थेत दंतवैद्याकडे पाठविले तर सूज पूर्ण उतरते. इरिमेदादी तेलाचा गंडूष हिरडी भरल्यावर अवश्य द्यावा, हिरड्यांना तो मानवतो. पण स्क्रूच्या मानेवर बसलेला थर तेलाने निघत नाही. त्याला मऊ ब्रश, फटीत घालायचा बारीक ब्रश व पंक्तीखालून ओढायचा जाड फ्लॉस लागतो. या वस्तू तालुक्याच्या दुकानांत सहसा नसतात. त्या ठेवणे हीच औषधविक्रेत्यांची मोठी मदत होईल. भरड दंतमंजने, त्यांत मीठ, कोळसा वा फुलखडी असलेली, रोपणावर व कवळीवर वापरू नयेत. पृष्ठभागावर ओरखडे उठतात आणि थर तेथेच साचतो.

आहाराचे काम मात्र सर्वस्वी आपले. दात आले की माणूस आपोआप नीट खाऊ लागतो, हा भ्रम आहे. चावण्याची क्षमता वाढूनही, वेगळा सल्ला न मिळाल्यास लोकांचे खाणे फारसे बदलत नाही असे अभ्यासांत दिसले आहे. दहा वर्षे आटवलीवर काढलेल्या रुग्णाची जीभ आणि अग्नी दोन्ही त्या आहाराला सरावलेले असतात. कायमचे दात बसल्यावर प्रथम मऊ शिजलेली उसळ व तुपातली भाकरी, मग किसलेली काकडी-गाजर, मग फळाच्या फोडी, असा संसर्जनक्रमासारखा चढता क्रम लिहून द्यावा. दोन्ही बाजूंनी चावण्यास सांगावे. महिन्याने वजन पाहावे.

शेवटची गोष्ट कागदाची. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूची मापे व किल्ल्या वेगळ्या असतात. दहा वर्षांनी माथ्याचा स्क्रू सैल झाला आणि मूळ दवाखाना बंद झालेला असला, तर कोणत्या कंपनीचे, कोणत्या मापाचे रोपण आहे हे कळल्यावाचून दुसरा दंतवैद्य साधी दुरुस्तीही करू शकत नाही. रोपण करणाऱ्याकडून त्याचे कार्ड व स्टिकर मागून घेण्यास रुग्णास सांगावे, आणि त्याची एक छायाप्रत आपल्या केसपेपराला टाचून ठेवावी. मुलगा मुंबईला परत जातो, मूळ कार्ड त्याच्या बॅगेत जाते. आपल्याकडची प्रत जागेवर राहते.